पावत्या फक्त आरोपीच जपतो

आपल्या गुन्हेपटांत पुराव्याची खरी किंमत कळलेला माणूस एकच असतो, आणि तो आरोपी असतो. खाकीवर प्रेम असलेल्या वाचकाने चिडण्याआधी ‘दृश्यम’ आठवून पाहावा. मूळ मल्याळम चित्रपटावरून निशिकांत कामत यांनी 2015 साली हिंदीत आणलेला, गोव्यात घडणारा. त्यातला विजय साळगावकर चौथी नापास, धंदा केबलचा. पण बसचं तिकीट, लॉजची पावती, सिनेमाचं तिकीट, हॉटेलचं बिल हे सगळं तो असं जपतो की तपास अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी. घरात घडलेली हत्या झाकायला पणजीच्या सहलीची तारीख तो लोकांच्या डोक्यात अलगद मागे सरकवतो. त्यामुळे त्याचे साक्षीदार खोटं बोलतच नाहीत, अगदी मनापासून चुकतात. फितूर व्हायचा प्रश्नच नाही. आता सरकारी बाजू बघा. तिथे सब-इन्स्पेक्टर गायतोंडे आहेत आणि गायतोंड्यांचा हात आहे. एवढ्या फौजफाट्याची एकूण कमाई म्हणजे लहान मुलीला मारून काढलेला एक जबाब आणि त्या जबाबावरून खणलेल्या खड्ड्यात मेलेलं जनावर. आयजी मीरा देशमुख यांना तारखेची युक्ती कळते, हे कबूल. पण कळल्यावर त्या पुरावा शोधायला जात नाहीत, मारायची मुभा देतात.

पडद्यावर गुन्हा ‘उकलतो’ तो आरोपी बोलता होतो तेव्हा. एक कानफटात, एक क्लोजअप, घळाघळा कबुली, संगीत. गंमत अशी की कायद्याच्या लेखी त्या क्षणी जवळजवळ काहीच घडलेलं नसतं. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे 1872च्या पुरावा कायद्यात होतं आणि त्याच्या जागी आलेल्या 2023च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. आपल्याच पोलिसावर किती भरवसा ठेवावा याचा अंदाज इंग्रज सरकारला आला होता. आपल्या पटकथाकारांना दीडशे वर्षांत आलेला नाही. त्या कबुलीतला चालतो तो तेवढाच तुकडा, ज्याच्यामुळे एखादी गोष्ट नव्याने सापडते. चाकू कुठे टाकला हे आरोपी पंचांसमोर सांगतो, नेऊन दाखवतो, मग निवेदन पंचनामा, जप्ती पंचनामा, पाकीट, त्यावर लाखेचं सील, लेबलावर पंचांच्या सह्या, मुद्देमालाच्या रजिस्टरात नोंद आणि पाकिटाची कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे रवानगी. यातली एक सही राहिली तर बचावाच्या वकिलाचं अर्धं काम पोलिसांनीच केलेलं असतं. खटला इथून सुरू होतो. सिनेमात इथे श्रेयनामावली सुरू झालेली असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: लोक तिकीट काढून पंचनामा बघायला येतात का? येतात. ‘दृश्यम’मध्ये प्रेक्षकांनी दुसरं काय पाहिलं? बसच्या तिकिटावर अख्खं थिएटर श्वास रोखून बसलं होतं. कोरियाचे बाँग जून-हो यांनी 2003 साली ‘मेमरीज ऑफ मर्डर’ काढला, त्यात शेताच्या कडेला उमटलेल्या बुटाच्या एकमेव ठशावरून ट्रॅक्टर निघून जातो आणि अधिकारी नुसता ओरडत राहतो. पाठलाग नाही, गोळीबार नाही, चिखल आहे. तरी तो प्रसंग डोक्यातून जात नाही. त्या चित्रपटातले पोलीसही मारून कबुली काढतात, पण दिग्दर्शक तिथे टाळ्या मागत नाही. ज्या ह्वासाँगच्या खुनांवर तो बेतला, त्यांचा खरा गुन्हेगार 2019 साली डीएनएमुळे सापडला. त्यातल्या एका खुनासाठी भलताच माणूस सुमारे वीस वर्षं तुरुंगात काढून आला होता, 2020 मध्ये तो निर्दोष ठरला. त्याचीही कबुली होतीच. उलट आपल्याकडे पुराव्याचं कौतुक म्हणजे ‘सीआयडी’तले डॉ. साळुंखे. 1998 पासून त्यांच्या परीक्षानळीतल्या द्रवाने रंग बदलला की खुनी ठरला. तेवढ्या वेळात खऱ्या प्रयोगशाळेत पाकिटावरचं सील शाबूत आहे का, एवढंच पाहून होत असेल. आणि त्याच मालिकेत दयाने जेवढे दरवाजे तोडले, त्यांच्या कड्यांवरच्या बोटांच्या ठशांबद्दल एका भागातही कोणी हळहळलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खऱ्या चौकीतही मारहाणच होते, मग सिनेमाने वास्तव दाखवलं तर बिघडलं कुठे? दाखवण्यात काहीच नाही. बिघडतं ते मारहाणीला ‘तपास’ म्हटल्यावर. नायक इन्स्पेक्टर मारतो तेव्हा समोरचा गुन्हेगारच असणार याची सोय पटकथेने आधीच केलेली असते. चौकीत अशी पटकथा कोणी लिहून ठेवलेली नसते. खरं तर हा मुद्दा सगळ्यात स्वच्छ मांडला तो 2022च्या ‘दृश्यम 2’ने, बहुधा नकळत. तिथे विजय स्वतःच कबुली देतो. पोलीस खूश. पण सापडलेल्या अवशेषांचा डीएनए जुळत नाही, कारण त्यांची अदलाबदल त्याने केलेली असते, आणि कबुलीचा कागद कागदच राहतो. मुद्देमाल कुणाच्या ताब्यातून कुणाकडे जातो यावर दोन्ही भागांत नजर ठेवून असलेला इसम, पुन्हा एकदा, आरोपीच.

1 जुलै 2024 पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं पोलिसांवर बंधनकारक झालं आहे. म्हणजे आता खऱ्या पंचनाम्याचाही चित्रपट निघतो, फक्त त्यात गाणी नसतात. पण पंच मात्र अजून माणसंच लागतात, तीही शक्यतो त्याच भागातली, प्रतिष्ठित आणि त्रयस्थ. ती मिळत नाहीत. वेब मालिकांचे आठ आठ भाग एका रात्रीत संपवून रक्ताच्या शिंतोड्यांच्या कोनावर वाद घालणारी सोसायटी, खाली पोलिसांची गाडी थांबली की दिवे मालवून बसते. मग पोलीसही पालिकेचा कर्मचारी नाहीतर नाक्यावरचा नेहमीचा माणूस धरून आणतात, आणि कोर्टात तो पंच ‘सही माझीच आहे, कशावर केली ते आठवत नाही’ असं सांगून मोकळा होतो. तेव्हा वाचकहो, हवालदार दोन पंच शोधत तुमच्या मजल्यावर आला तर दार उघडा. चष्मा घेऊन जा, सगळं वाचा, मगच सही करा, आणि तारीख बरोबर पडली आहे का तेवढी बघा.