दहा जीबी सातबाऱ्यावर

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीला वाऱ्यावर सोडलं आणि त्या दिवशी एक्सपी संपली, असं शिकलेले लोक सांगतात. त्यांनी लग्नसराईत आमच्या मंगरूळपिरात यावं. माझ्या दुकानातून जाणारी एकही लग्नपत्रिका आजही एक्सपीचा हात लागल्याशिवाय जात नाही.

ह्याला कारण एक लॉक. करंगळीच्या पेराएवढं. मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा सोबत आलेलं. ते यूएसबीत खोचलेलं असेल तरच पडद्यावर मराठी उमटतं, नाहीतर ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी डॉलर, टक्का आणि कंस दिसतात. ह्या लॉकचा ड्रायव्हर ३२ बिटांचा. विंडोज ११ नुसतीच ६४ बिटांची, ती ३२ बिटांच्या ड्रायव्हरला दारात उभं करत नाही.

“मग युनिकोड वापरा की,” असा सल्ला मला पुष्कळांनी दिला आहे. नवीन कामाला वापरतोच. पण पत्रिकेचं गिऱ्हाईक नवीन काही मागायला येतच नाही. ते थोरल्याच्या लग्नाची पत्रिका टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, “भाऊ, हेच मॅटर ठेवा, फक्त नवरदेव-नवरी बदलवा.” ते मॅटर पेजमेकरात असतं. पेजमेकर ७ वर थांबलं, ८ कधी आलंच नाही. काही फायली तर इतक्या जुन्या की उघडल्या की खाली ‘ता. मंगरूळपीर, जि. अकोला’ येतं. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. फाईलला कोणी कळवलं नाही.

तर माझं जुनं मशीन गेलं. मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगले, कारागिरानं झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि काही न बोलता परत लावलं. नवीन मशीन घेतलं. त्यात २५६ जीबीची एसएसडी. चालू केली तर २३८. बनवणारा हजाराच्या हिशेबानं मोजतो, विंडोज १०२४ च्या, आणि मधले अठरा जीबी कोणाकडेच नसतात. चोरी म्हणावी तर तक्रार कोणाविरुद्ध लिहायची?

दिवाळीत भाचा आला. पुण्यात कॉम्प्युटरमध्येच आहे. नक्की काय करतो ते त्याच्या आईला तीनदा समजावूनही तिनं सोडून दिलं आहे. समृद्धी महामार्गावरून शेलूबाजारला उतरला, घरी पिशवी टाकली आणि थेट दुकानात.

“मामा, एक्सपीसाठी जुनं मशीन कायले पाहून राह्यले? ह्याच्यातच एक मशीन बनवतो न.”

“ह्याच्यात म्हणजे?”

“ह्याच्या पोटात.”

व्हर्च्युअलबॉक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यानं उतरवलं. मूळचं जर्मन. पुढे सननं विकत घेतलं, सनलाच ओरॅकलनं विकत घेतलं, म्हणजे त्यालाही दोन सासरं झाली. त्यात आधी मेमरी द्यायची, ५१२ एमबी दिली. एक्सपी तेवढ्यात खूश. मग हार्ड डिस्क. इथे मी खुर्ची पुढे ओढली, कारण डिस्क विकत आणावी लागणार असं मी धरून चाललो होतो.

“आणाची नाही, मामा. डिस्क म्हणजे एक फाईल. एक्सपीले सांगाचं, हे घे तुही दहा जीबीची डिस्क. आपल्या बाजूनं ती नुसती फाईल.”

त्यातही दोन प्रकार. एक, दहाची दहा जीबी आत्ताच अडवून ठेवायची. दुसरा, तोंडानं दहा म्हणायचं आणि लागेल तसतशी जागा द्यायची. ह्याला डायनॅमिक म्हणतात. भाच्यानं दुसरा प्रकार निवडला, फाईल तयार झाली, आणि तिचं वजन निघालं जेमतेम एक-दोन एमबी.

बाकावर एक काका प्रूफ पाहायला बसले होते. शेतकरी माणूस, दुसऱ्याच्या कामात लक्ष घालायला वेळ असलेला. त्यांनी चष्मा काढला.

“म्हंजे सातबाऱ्यावर दहा एकर, अन् वहितीत काहीच नाही?”

“अगदी तसंच, काका.”

“अन् त्याले माईत नाही?”

“त्याले मोजता येत नाही न बाहेरून.”

काका समाधानानं प्रुफाकडे वळले. शासनाच्या एखाद्या योजनेची फोड झाल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

ही युक्ती काही आजची नव्हे. आयबीएमनं १९७२ मध्ये व्हीएम/३७० आणलं, तेव्हाच एका मोठ्या यंत्रावर अनेकांना आपापलं स्वतंत्र यंत्र असल्याचा भास दिला जाई. खोलीएवढ्या यंत्रणेतली डिस्क तुकडे करून वाटायची, तुकड्याला मिनीडिस्क म्हणायचं, आणि प्रत्येकानं समजायचं की अख्खी आपलीच. भाऊबंदकी न होता वाटणी करण्याची अमेरिकेतली ही एक जुनी पद्धत.

डिस्क झाली, आता ती जोडायची. एक्सपीचं नाव पाहून व्हर्च्युअलबॉक्सनं आपण होऊन आयडीई कंट्रोलर दिला होता. भाच्याला तो मागासलेला वाटला. त्यानं साटा लावला, “फास्ट चालते” म्हणून. एक्सपीची सीडी फिरली आणि एकदम निळा पडदा. एक्सपीच्या काळी साटाच्या त्या प्रकाराचे ड्रायव्हर सीडीत नसत. तिला समोरची डिस्क दिसतच नव्हती. भाच्यानं पुन्हा आयडीई लावला. ह्या भागाबद्दल तो घरी काही बोलला नाही.

मग तो प्रसंग आला. पडद्यावर लिहून आलं: फॉरमॅट करायचं का? मी त्याचा हात धरला. ह्या डिस्कवर माझ्या जुन्या मशीनमधून काढलेला सगळा माल होता, सबंध तालुक्याची लग्नं होती.

“मामा, ते आतलं फॉरमॅट हाय.”

“आतलं म्हणजे कुठलं?”

“फायलीतलं. तिले बाहेरचं काही दिसतच नाही.”

“तिले नाही दिसत. पण तुले दिसते का?”

शेवटी त्यानं एंटर दाबलं. मी नवीन मशीनचा दिवा पाहत बसलो. पिवळी पट्टी सरकत गेली, तालुका शाबूत राहिला. पुढे माऊस चौकटीत गेला तो बाहेरच येईना. उजवं कंट्रोल दाबलं की सुटतो, हे भाच्यानं मला सांगितलं आणि मी मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवलं. शेवटी लॉक खोचलं, यूएसबीच्या यादीतून ते एक्सपीच्या हवाली केलं, आणि हिरव्या टेकडीच्या त्या जुन्या चित्रावर पेजमेकर उघडलं. मराठी उमटली. काकांनी आपलं प्रूफ तिथेच दुरुस्त करून घेतलं. तीन मावश्या राहिल्या होत्या.

तुळशीचं लग्न लागलं तशी कामं सुरू झाली. आणि फाईल वाढू लागली. पत्रिकेला आता नुसता गणपती पुरत नाही. कोणाला गजानन महाराज हवेत, कोणाला बिरबलनाथ महाराज, कोणाला जोडप्याचा फोटो, तोही पाण्याकाठचा. स्कॅन करा, लावा, ‘फायनल’ म्हणून ठेवा. मग मामेसासरे रुसतात, त्यांचं नाव विनीतमधून वर व्यवस्थापकात न्यायचं, ‘फायनल २’. एका पत्रिकेच्या ‘फायनल खरंच फायनल’पर्यंत फायली मी पाहिल्या आहेत. फाल्गुनात एक्सपीत शिरून जुन्या फायली झाडून काढल्या, कचरापेटीही रिकामी केली. बाहेर येऊन पाहतो तर डिस्कची फाईल होती तेवढीच, एक कणही कमी नाही.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, असंच असतं. आत फाईल पुसली म्हणजे एक्सपी फक्त आपल्या वहीत ‘ही जागा मोकळी’ असं मांडते. तिथला मजकूर तसाच पडून असतो, आणि बाहेरच्या विंडोजला ती वही वाचता येत नाही. घेतलेली जागा परत हवी असेल तर आतली मोकळी जागा आधी शून्यांनी भरायची, मशीन बंद करायचं, मग बाहेरून ‘कॉम्पॅक्ट’ची आज्ञा द्यायची. ती आज्ञा त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवली. अर्धा चहा होईस्तोवर फाईल आक्रसली. रुसलेले मामेसासरे मात्र पत्रिकेत होते तिथेच राहिले.

एक प्रत बाहेर काढून ठेवावी म्हणून पेनड्राईव्ह लावला. ३२ जीबीचा, पूर्ण रिकामा, आणि सहा जीबीची फाईल मावत नाही म्हणतो. पेनड्राईव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीचा होता, त्यात एक फाईल चार जीबीच्या वर जात नाही, मग बाकी ड्राईव्ह कितीही मोकळा असो. एक्सफॅट केला, तेव्हा गेली.

आणि ऐन अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, समोर दोन वरबाप उभे, एक्सपी जागच्या जागी गोठली. पडद्यावर पाटी: डिस्क भरली, मशीन थांबवलं आहे. मी पुन्हा पुण्याला फोन केला. वरबाप ऐकत होते.

“आतली नाही भरली, मामा. बाहेरची भरली. दहा जीबी कबूल केली होती, पण द्याले खरी जागाच राह्यली नाही. बाहेरचं काहीतरी डिलीट करा, अन् पुन्हा चालू करा. गेलं काही नाही, तिथूनच पुढं चालते.”

“बाहेर माझं काय आहे? पत्रिका तर आत आहेत.”

पलीकडे थोडा वेळ शांतता.

“एक फोल्डर असन,” तो म्हणाला, “माह्या नावाचं.”

होतं. दिवाळीच्या सुट्टीत रात्री दुकानात बसून ‘नेट चेक’ करत असे, त्यात त्यानं एक बंदुकीचा गेम उतरवला होता. शंभरावर जीबी, आणि तो दर महिन्याला आपला आपण अपडेटही होत होता, माझ्या नेटवर. डिलीटचं बटण मोठ्या वरबापानं स्वतः दाबलं. एक्सपी जिथे थांबली होती तिथून पुढे निघाली, ‘चि. सौ. कां.’च्या ‘कां’पासून.