पुणे ते पंढरपूर, व्हाया पायडल

पालखीबरोबर माणसं अठरा-वीस दिवस चालतात. तेच पंढरपूर आपण सायकलवर एका दिवसात गाठतो, फार तर दोन. म्हणून पहिली सूचना अशी, की ही गोष्ट वाटेत कोणाला सांगू नका. वारकऱ्याला तर मुळीच नाही. तो आधी तोंडभरून कौतुक करील आणि मग सहज विचारील, ‘‘एवढी घाई कशापायी, माऊली?’’ या प्रश्नावर सायकलवाल्यांनी अजून उत्तर शोधलेलं नाही.

रस्ते दोन. दिवेघाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर, वाखरी हा ज्ञानोबांचा. यात तालीम न करता आलेला माणूस दिवेघाटातच ओळखू येतो, कारण तो ‘फोटो काढायला’ उतरतो आणि वरपर्यंत फोटोच काढत राहतो. दुसरा सोलापूर रस्ता : लोणी काळभोर, यवत, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी आणि तिथून उजवीकडे. नवशिक्यानं हा धरावा. वरवंडच्या पुढे तुकोबांची पालखी बारामतीकडे वळते, तुम्ही वळू नका. सायकलवारी आषाढी एकादशीच्या आधी, पालख्या निघण्यापूर्वीच्या एखाद्या शनिवार-रविवारी उरकावी. ऐन पालखीच्या दिवसांत त्या रस्त्यांवर सायकल घालणं म्हणजे पंगतीतून मोटार नेण्यासारखं आहे. तरीही दिंडी आडवी आलीच, तर घंटी वाजवू नका. उतरा, सायकल हातात धरा आणि चाला. तेवढीच खरी वारी तुमच्या खात्यावर जमा होईल.

आता पोशाख. सायकलची गादीवाली तंग चड्डी मिळते, तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. दुकानदार हे सांगत नाही, आपण लाजेनं विचारत नाही, आणि मग इंदापूरच्या अलीकडे शिवणीनं शिवण काचून ज्ञानप्राप्ती होते. घरून निघतानाच व्हॅसलीन सढळ हातानं लावा. चहाला थांबताना वरून एक साधी अर्धी पँट चढवावी. यवतच्या टपरीवर एका आजींनी आमच्यातल्या एकाला डोक्यापासून पायापर्यंत पाहून विचारलं होतं, ‘‘बाळा, धोतर चोरीला गेलं का रं?’’ हेल्मेटवर बुक्का-गंध लावण्याची हौस असते. लावा, पण कपाळावर लावलेला घामाबरोबर डोळ्यांत उतरतो आणि चुणचुणतो. पताका हवीच, मात्र तिचं कापड बेताचं ठेवा. लांब पताका पाठीमागच्या चाकात गेली, की गिअरच्या चकत्यांमधून एकेक धागा काढण्यात तासभर जातो आणि बाकीची मंडळी शेजारी उभी राहून सल्ले देतात.

पंक्चरबद्दल मात्र गांभीर्यानं वाचा. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या केसाएवढ्या बारीक तारा महामार्गाच्या कडेला पडलेल्या असतात, आणि आपण नेमके कडेनं जातो. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून सगळीकडे बोट फिरवा, तार सापडली तर नेलकटरनं उपटा. नाहीतर नवी ट्यूबही पुढच्या गावाआधी बसते. रस्त्यावरचा पंक्चरवाला ट्रकची चाकं एकटा खोलतो, पण आपल्या महागड्या सायकलचा काडीसारखा व्हॉल्व्ह पाहून विचारतो, ‘‘ह्यात हवा जाती कुठनं?’’ थोडक्या पैशांत पितळी अडॅप्टर मिळतं, ते खिशात ठेवा. आणि तुम्ही रस्त्याकडेला हात काळे करून बसला असताना दुधाच्या दोन किटल्या लावलेली दांडीची सायकल घेऊन, स्लिपर घातलेले एक काका शेजारून निघून जातील. त्यांना गाठायचा प्रयत्न करू नका.

खाण्याची काळजी नसावी. केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की हे खिशात, बाकी वाट खाऊ घालते. यवतचं पिठलं-भाकरी वारकऱ्यांत प्रसिद्धच आहे. खरी कसोटी भिगवणला. उजनीच्या पाणफुगवट्यामुळे तिथं मासळी अशी, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वास येतो. शंभर किलोमीटर झालेले, पोटात आग आणि गळ्यात सकाळीच हौसेनं घातलेली तुळशीची माळ. माळ घालायची तर भिगवण ओलांडल्यावर घाला, किंवा ओलांडेपर्यंत तोंडानं श्वास घ्या.

आता सोबती, कारण सायकल बिघडली तर दुरुस्त होते. प्रत्येक गटात एक सरासरीवाला असतो. त्याचं लक्ष रस्त्यावर नसतं, मनगटावरच्या घड्याळावर असतं, आणि तुम्ही चहाला थांबलात की त्याची वेगाची सरासरी पडते. एक ‘आता पाचच किलोमीटर’वाला असतो, तो हे सकाळपासून म्हणतो. एक कालच सायकल घेऊन आलेला असतो आणि तोच सगळ्यात आनंदात असतो. एक काका असतात, ते सगळ्यांत शेवटी येतात, पण रात्री अभंग तेच म्हणतात, म्हणून त्यांना गमावून चालत नाही.

अशी मंडळी एकत्र कशी चालवायची हे शिकायला परदेशी पुस्तकं नकोत. माऊलींच्या सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात लावून दिली. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, तेव्हा कुठे तो टाळ शांत होतो. गटात असा एक चोपदार नेमा, शिट्टी त्याच्या गळ्यात घाला. तक्रार असलेल्यानं घंटी वाजवावी, बाकीच्यांनी गप्प बसावं. पहिल्या दिवशी एकजात सगळ्यांच्या घंट्या वाजतील. त्यांतल्या बहुतेक पुढं निघून गेलेल्यांविरुद्ध असतात. म्हणून नियम करा, की सगळ्यांत हळू जाणाऱ्याचा वेग तो गटाचा वेग. सरासरीवाल्याला हे सोसणार नाही. त्याला पंढरपुरात खोली धरायला पुढे पाठवा.

पंढरपुरात पायडलला अडकणारे क्लीटचे बूट घालून घाटाच्या पायऱ्या उतरू नका. पददर्शनाची रांग कित्येक तासांची, मुखदर्शनाची त्याहून कमी, आणि कळसाला हात जोडून निघालात तरी वारीच मानतात. चाक चंद्रभागेत बुडवून फोटो काढायची पद्धत पडली आहे. पाणी स्वच्छ राहिलं तर बरं, साखळीचं तेल घरी धुवा.

पंढरपूरला जाताना तुमची सरासरी उत्तम पडली असेल. तिचा अभिमान धरू नका. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच, पंढरपूर त्याहून साधारण शंभर मीटर खाली, आणि या दिवसांतला वारा पश्चिमेकडून वाहतो. म्हणजे जाताना उतार आणि पाठीवर वारा, दोन्ही देवाघरचे. परतताना तोच चढ आणि तोच वारा समोरून, तेव्हा फक्त आपण असतो. म्हणून सायकली परत आणायचा टेम्पो पुण्यातूनच ठरवा आणि आगाऊ पैसे देऊन ठेवा. आयत्या वेळी पंढरपुरात रिकामा टेम्पो मिळत नाही.