हेडफोन कुणी लावला?

(स्थळ : सोलापूर, नवी पेठ. दुरुस्तीचं दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि निम्मं रस्त्यात आलेलं स्टूल. वेळ : मे महिन्यातली दुपार. या वेळी सोलापुरात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पण आज कारखान्याला सुट्टी. टॉवेलच्या कारखान्यातला मागवाला रुमालात गुंडाळलेला एमपी थ्री प्लेयर टेबलावर ठेवतो.)

मागवाला : मालक, बघा की ओ. वाजंना झालाय.

दुरुस्तीवाला : पाडला होता का?

मागवाला : छ्या! लेकरासारखा सांभाळलाव.

दुरुस्तीवाला : मग लेकराला शेंगाचटणी कुणी चारली?

मागवाला : कुठंय?

दुरुस्तीवाला : प्लेच्या बटणाखाली. ही लाल भुकटी. तेलासकट.

मागवाला : ते आधीपासनं असंल. कंपनीतनंच.

दुरुस्तीवाला : माल चीनचा आहे, मामा. तिथं कडक भाकरी कुठली?

(मागचं झाकण काढतो. बॅटरी टेबलावर ठेवून बोटानं टिचकी मारतो. ती भोवऱ्यासारखी गरगर फिरते.)

दुरुस्तीवाला : बघा. बीएल-५सी, जुन्या नोकियात असायची तीच. फिरली म्हणजे फुगली. उन्हात ठेवता?

मागवाला : नाही ओ. मागाशेजारी खिळ्याला असतोय. पत्र्याखाली.

दुरुस्तीवाला : मे महिन्यात पत्र्याखाली! त्यापेक्षा ऊन बरं.

मागवाला : आम्ही बी तिथंच असतो की दिवसभर. आम्ही कुठं फुगलाव?

दुरुस्तीवाला : तुम्ही वाळता. लिथियमच्या बॅटरीत उष्णतेनं गॅस धरतो. दुसरी टाकतो.

मागवाला : टाका. आन् अजून एक. भाच्यानं नंबर घालून गाणी भरून दिली. आधी अभंग, मागनं लावण्या. दिवाळीत एकदा घरी नेला, पहाटे पूजेला चालू केला, तर पहिलीच लावणी! बायकोनं तवापासनं घरात घेतला नाही.

दुरुस्तीवाला : कुणाला?

मागवाला : प्लेयरला ओ.

दुरुस्तीवाला : हे स्वस्तातले प्लेयर नंबर बघत नाहीत. कार्डावर जे आधी उतरलं ते आधी वाजवतात. भाच्यानं लावण्या आधी भरल्या.

मागवाला : (जरा थांबून) मला म्हणला, मामा, अभंग आधी भरलेत.

दुरुस्तीवाला : कार्ड रिकामं करून फॅट ३२ फॉरमॅट मारतो. मग पहिले अभंग उतरवतो. ३२ जीबीचं आहे. मिनिटाला एक एमबी धरा, ५०० तास वाजेल.

मागवाला : लावण्या राहू द्या पण. मागनं का होईना.

(दुरुस्तीवाला हेडफोनच्या भोकात सुई घालतो. पांढरा, घट्ट दाबलेला, मुगाच्या दाण्याएवढा गोळा बाहेर येतो. दोघं वाकून बघतात.)

मागवाला : हे तर आमच्या टॉवेलचं सूत!

दुरुस्तीवाला : या भोकात एक पट्टी असते. हेडफोनची पिन आत गेली की पट्टी सुटते आणि स्पीकर बंद. पिन काढली की पट्टी परत टेकते. तुमच्या सुतानं तिला टेकूच दिलं नाही. याला वाटलं, मामांनी हेडफोन लावलाय.

मागवाला : म्हणजे हा वाजत होता?

दुरुस्तीवाला : रोज. नसलेल्या हेडफोनात.

(नवी बॅटरी घालून प्लेयर चालू करतो. लावणी. शेजारचा घड्याळवाला मान वर करून बघतो.)

दुरुस्तीवाला : किती दिवस बंद होता?

मागवाला : ते काय सांगता येत नाही.

दुरुस्तीवाला : आँ?

मागवाला : परवा लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले. तवा कळलं, हा गप्पच आहे.

दुरुस्तीवाला : आणि लाईट असताना?

मागवाला : त्या खडखडाटात काय ऐकू येतंय ओ! निळा दिवा लुकलुकला की आम्ही आपलं डोलतो.