अर्धं चाक पुढे

नागपूरला समुद्र नाही, पण चौपाटी आहे. फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी भाजलेली कणसं मिळतात, पोट्टे गाड्या आडव्या लावून सेल्फी काढतात, आणि वारा सुटला की पाण्यावर जी सुरकुती उठते तिला आम्ही कौतुकानं लाट म्हणतो. अशा गावातला माणूस पन्नाशी उलटल्यावर सर्फिंग शिकतो म्हणाला, की ऐकणारा आधी त्याच्या गुडघ्यांकडे पाहतो आणि मग त्याच्या बायकोकडे.

माझ्या बाबतीत सगळा दोष भाचीचा. ती बंगळुरूला नोकरी करते आणि सुट्टी लागून आली की फळी काखेत मारून कधी मुल्कीला, कधी गोव्याला पळते. मुल्की म्हणजे मंगळुरूजवळचं नदीकाठचं गाव. जॅक हेबनर नावाचा अमेरिकी संन्यासी तिथं आश्रम करून राहिला आणि २००४ च्या सुमारास त्याच्या शिष्यांसोबत मंत्र सर्फ क्लब उभा राहिला. त्याला लोक सर्फिंग स्वामी म्हणत. पहाटे जप आणि मग लाटा, असा तिथला दिनक्रम. हे ऐकल्यावर माझ्या आईचा विरोध मावळला. आश्रमात शिकवतात म्हणजे काही वावगं नसणार, असं तिचं मत पडलं. पुढे टोकियोच्या ऑलिम्पिकात सर्फिंग आलं तेव्हा तर ‘आश्रमातला खेळ’ म्हणून तिनं तो टीव्हीवर पाहिलाही.

भाची दिवाळीला आली आणि हॉलमधल्या सतरंजीवर माझं शिक्षण सुरू झालं. पहिला धडा फार सोपा होता. ‘मामा, सरळ उभे राहा,’ म्हणाली आणि मागून ढकललं. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो, तो फळीवर पुढचा. माझा डावा पडला. बहुतेकांचा डावाच पडतो आणि त्यांना रेग्युलर म्हणतात. उजवा पुढे पडला तर गूफी. यात चांगलं-वाईट काही नाही. अकरा वेळा जगज्जेता झालेला केली स्लेटर डावा पाय पुढे ठेवतो आणि तीनदा झालेला ब्राझीलचा गॅब्रिएल मेदिना उजवा. लाट दोघांनाही सारखंच नेते आणि सारखंच आपटते.

मग घरात ढकलाढकलीची साथच आली. मुलगा, जावई, दूध द्यायला आलेला पोरगा, कोणी सुटलं नाही. बायको चिवड्याचा डबा घेऊन चालली होती, तिला तर कल्पनाही नव्हती. तिचा उजवा पाय पुढे पडला आणि डबा सलामत राहिला. तेव्हापासून आमच्या घरातला कुठलाही वाद ‘मी गूफी आहे ना!’ इथं येऊन संपतो. आईला ढकलायचा धीर कोणाला झाला नाही.

पुढचा पाय कळला म्हणजे काम झालं, असं मला वाटलं होतं. पण उभं राहायचं म्हणजे आधी उताणं नव्हे, पालथं पडायचं. तळवे छातीच्या बाजूला, बरगड्यांपाशी टेकवायचे. फळीच्या कडा धरायच्या नाहीत, कारण कडा धरून दाबलं की फळी कलंडते. मग छाती उचलायची आणि एका झटक्यात दोन्ही पाय अंगाखाली आणायचे. मागचा पाय फळीला आडवा, पुढचा जरा तिरका, दोन्ही फळीच्या मधल्या रेषेवर. गुडघ्यावर येऊन मग सावकाश उठायचं, हा आमच्या वयाचा नैसर्गिक मार्ग. तो बंद. गुडघ्याची सवय लागली की ती सुटत नाही, आणि लाट तेवढा वेळ थांबत नाही.

डिसेंबरातल्या थंडीत मी पहाटे गच्चीवर खडूनं रेघ मारून हा प्रयोग करत असे. खालच्या मजल्यावरचे काका फिरायला जाताना एकदा वर आले. मी पालथा, उठतो, वाकतो, पुन्हा पालथा. बराच वेळ पाहून म्हणाले, ‘भाऊ, काही हरवलं का जी?’

हे वाकणं हीच खरी अडचण. नवशिका माणूस भीतीनं कमरेत वाकतो, मागचा भाग मागे काढतो आणि पायांकडे पाहत राहतो. बसायचं असतं ते गुडघ्यांतून. पाठ ताठ, खांदे सैल, वजन खाली. भाची फोनवरून व्हिडिओ पाहायची आणि ओरडायची, ‘मामा, पायाकडे काहून पाहून राहिले? पाय कुठं पळून नाही चालले!’ जिकडे नजर तिकडे फळी, हा या विद्येचा मूळ नियम. खाली पाहिलं की माणूस खालीच जातो. बँकेत इतकी वर्षं काउंटरवर मान खाली घालून काढलेल्या माणसाला नजर समोर ठेवणं किती जड जातं, हे त्या रेघेवर उभं राहिल्यावर कळतं.

फेब्रुवारीत गोव्याला गेलो. मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडणे तालुका हाताशी आला आहे. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल अशी एकामागोमाग किनाऱ्यांची माळ. मोरजीला त्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, म्हणून वाळूत जाळ्या लावून घरटी राखलेली असतात. पावसाळ्यात हा समुद्र बंद, लाल झेंडे. ऑक्टोबर ते मे लाटा शहाण्या असतात. त्यातही सकाळी. तेव्हा जमिनीवरून वारा समुद्राकडे हलका वाहतो आणि पाणी इस्त्री केल्यासारखं दिसतं. दुपार होऊ लागली की वारा उलटतो आणि सगळं चुरगळतं.

आमचा शिक्षक मांद्र्याचा, विशीतला मुलगा. पहिले काही तास कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसात. तो फळी धरतो, लाट आली की ढकलतो आणि ओरडतो, ‘काका, उठा!’ घरी अलार्मनं जे कधी साधलं नाही ते तिथं साधलं. गच्चीवरची रेघ कामी आली. अर्थात गच्ची हलत नाही आणि समुद्र हलतो, हा फरक उरतोच. फेसात गर्दी असली तरी कोणी कोणाला विचारत नाही. सगळे पडत असतात. पडणाऱ्यांच्या गर्दीत फार मोकळं वाटतं.

परीक्षा फेसाच्या पलीकडे असते. लाटा फुटायला लागतात त्या जागेच्या थोडं बाहेर, फळ्यांवर दोन्हीकडे पाय सोडून, क्षितिजाकडे तोंड करून वीस-पंचवीस माणसं बसलेली असतात. हेच लाइनअप. किनाऱ्यावरून पाहिलं तर उन्हात बसलेली रिकामटेकडी मंडळी. जवळ गेलं की कळतं, प्रत्येकाला आपला नंबर ठाऊक आहे. लाट ज्या टोकाला पहिल्यांदा फुटू लागते, त्या टोकाच्या जो सर्वांत जवळ, लाट त्याची. एका लाटेवर एक जण. तो उठला की बाकीच्यांनी हात आवरायचे. बाहेर जाताना लोकांच्या मधून जायचं नाही, वळसा घालायचा, मग डोक्यावर फेस घ्यावा लागला तरी चालेल. आणि काही झालं तरी फळी सोडायची नाही. शिकाऊ फळी नऊ फुटांची, पायाला बांधलेली दोरी जवळपास तेवढीच. म्हणजे तुम्ही घाबरून फळी सोडलीत, तर मागच्या अठरा फुटांत जो कोणी असेल त्याच्या दातांचा प्रश्न येतो.

यातलं काहीही तिथं लिहिलेलं नव्हतं. पांढरा पट्टा नाही, शिट्टी नाही, हवालदार नाही. तरी चालतं. नेहमीच चालतं असंही नाही. ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग हा १९६६ चा जगज्जेता. त्यालाच २००० साली अँगूरी या त्याच्या गावच्या किनाऱ्यावर लाटेवरून झालेल्या भांडणात एवढा मार बसला की त्यानं पुढे लाटांवरच्या या रागावरच पुस्तक काढलं. समुद्र एवढा मोठा, आणि भांडण दहा फुटांच्या टोकासाठी. पण त्याला कारण आहे. लाट साधारण आपल्या उंचीच्या सव्वापट खोलीवर आली की फुटते. कमरेएवढी लाट छातीएवढ्या पाण्यात. वाळूचा बांध पाण्याखाली जिथं असेल तिथंच ती खोली मिळते, म्हणून अख्ख्या किनाऱ्यावर चांगली जागा एखादीच असते आणि सगळे तिथंच येतात.

गर्दीचं म्हणाल तर मी स्वतःला तयारीचा समजत होतो. सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात ज्यानं वर्षानुवर्षं स्कूटर चालवली, त्याला पंचवीस फळ्यांचं काय! आमची रीत सोपी आहे. सिग्नल लाल असतो, पण पुढचं अर्धं चाक पट्ट्याच्या पुढे असतं. गेलेलोही नाही आणि थांबलेलोही नाही. बाजूच्या गाडीवाल्याकडे पाहायचं नाही, कारण नजर भिडली की सौजन्य आडवं येतं. दुसऱ्याला आपला अंदाज येऊ द्यायचा नाही, म्हणजे तोच थांबतो. या कलेवर सारं बर्डी चालतं.

समुद्रात नेमकं हे अर्धं चाक चालत नाही. लाट उचलू लागली आणि तुम्ही जाऊ की नको करत हात मारलेत, तर फळीचं मागचं टोक वर जातं, पुढचं पाण्यात घुसतं आणि तुम्ही डोक्यावर जाता. ते एक वेळ ठीक, डोकं आपलं आहे. पण तुम्ही जाताय असं समजून शेजाऱ्यानं लाट सोडलेली असते. ती तुम्हालाही मिळाली नाही आणि त्यालाही नाही. अशी लाट दोनदा वाया घालवली की तिसऱ्यांदा कोणी तुमचा नंबर मानत नाही. म्हणून जायचं तर डावीकडे-उजवीकडे पाहायचं, टोकाला कोणी उठलेलं नाही ना ते बघायचं, नजर भिडवायची, तोंडानं सांगायचं आणि सगळा जीव ओतून जायचं. नाहीतर स्पष्ट मागे सरायचं. तेही दिसेल असं.

आपल्या गावाला मी उगाच नावं ठेवतोय असं वाटायला नको. याच नागपुरात दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं दीक्षा दिली, त्या जागी. डोक्यावर बोचकं, हाताशी लेकरू, खेड्यापाड्यांतून आलेली माणसं स्तूपाच्या दर्शनासाठी तासन्‌तास रांगेत उभी असतात आणि परतताना पुस्तकं विकत घेऊन जातात. तिथं अर्धं चाक कोणी पुढे काढत नाही. मी लहानपणापासून ते पाहत आलोय. तेव्हा आम्हाला जमत नाही असं नाही. कशासाठी आलोय हे प्रत्येकाला ठाऊक असलं की जमतं. व्हरायटी चौकात मात्र आपण कुठं निघालोय हे अर्ध्यांना घरी गेल्यावर आठवतं.

आश्व्याला माझं तर उलटंच झालं. चौकातला मी घरीच राहिला आणि पाण्यात गेला तो पाहुणचारातला वैदर्भीय. बाजूला कोणी दिसलं की ‘घ्या ना, तुम्ही घ्या.’ बंगळुरूच्या मुलीला दिली, एका रशियन गृहस्थाला दिली, मांद्र्याच्या शाळकरी पोराला दिली. सगळे आधी खूश झाले, मग बावचळले. माझी असताना मी का देतोय, हे त्यांना कळेना, आणि न कळल्यामुळे ते पुढच्या वेळी माझ्याकडे पाहत थांबू लागले. शेवटी भाची हात मारत जवळ आली. ‘मामा, पंगत बसली आहे का इथं? आग्रह काहून करून राहिले?’

तिनं मला टोकापासून बाजूला नेलं. जिथं लाट उतरत येते, खांदा म्हणतात त्याला. तिथं मोठ्या लाटांचे उरलेसुरले आणि मधल्याच बारक्या लाटा येतात, ज्यांच्याकडे टोकावरचे तालेवार बघतही नाहीत. नवख्यानं आधी किनाऱ्यावर बसून पाव तास नुसतं पाहावं, म्हणाली. लाटा एकेकट्या येत नाहीत, चार-सहांचा घोळका येतो, मग शांतता. बाहेर जायचं ते त्या शांततेत. आणि आल्यावर शेजाऱ्यांना हसून नमस्कार करावा. हे शेवटचं मला येत होतं.

गर्दीतला आत्मविश्वास म्हणजे छाती काढून मधोमध शिरणं, असा समज घेऊन आलेले दोघे-तिघे त्या सकाळी होतेच. फळ्या नव्या, गॉगल नवे. ते थेट टोकाला जाऊन बसले, आणि दर लाटेला सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवून स्वतः पाण्यात गेले. त्याच वेळी मांद्र्याचं ते शाळकरी पोरगं कडेला बसून क्षितिजाकडे पाहत होतं. घोळक्यातल्या पहिल्या दोन लाटा त्यानं जाऊ दिल्या. तिसरी आल्यावर एकदा मान वळवून पाहिलं, ‘ओ काका, मी!’ म्हणालं आणि गेलं. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी हात थांबवले.

मग मीही म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला, रशियन गृहस्थ दचकले. लाट गुडघ्याएवढीच होती. डावा पाय पुढे आला, गुडघे वाकले, नजर मांद्र्याच्या माडांवर होती. किती वेळ उभा होतो हे विचारू नये. बायकोनं किनाऱ्यावरून व्हिडिओ काढला आहे, त्यात सुरुवातीला तिचा अंगठा आहे आणि शेवटी मी नाही.

परत आल्यावर नकाशा काढून बसलो. सरळ रेषेत मोजलं तर नागपूरहून मुंबईपेक्षा विशाखापट्टणम जवळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही समुद्र पाहायला उलट्या दिशेला जातोय. समता एक्सप्रेस इथूनच जाते, गोंदिया, रायपूर, तितलागढ, रायगडा करत. तिथंही सर्फिंग चालतं आणि ऋषिकोंड्याचा किनारा सुरेख आहे, असं भाची सांगते. तिकीट काढलं आहे, सध्या वेटिंगवर आहे. हे सगळं बायकोला समजावून सांगितलं, काठावर बसायला सावलीही चांगली आहे म्हणालो.

‘फळ्या भाड्यानं मिळतात ना तिथं?’ तिनं विचारलं. ‘मग दोन सांगून ठेवा.’