ही बाजू वर

मनुष्याला आपल्या कीर्तीचे क्षेत्र स्वतः निवडता येत नाही. वक्तृत्व, गायन किंवा निदान बुद्धिबळ यांपैकी एखाद्या प्रांतात आपले नाव व्हावे अशी माझी फार इच्छा होती. परंतु कर्जतपासून खालापुरापर्यंतच्या आप्तमंडळींत माझी जी काही प्रतिष्ठा आहे ती जड आणि ठिसूळ वस्तू परगावी धाडण्यासाठी बांधून देणारा इसम म्हणून आहे, आणि प्रतिष्ठा एकदा लाभली की ती कशाबद्दल लाभली याची चिकित्सा सुज्ञाने करू नये. कोणाची लोणच्याची चिनीमातीची बरणी पुण्यास निघो, कोणाच्या कपबशा कन्येच्या सासरी जावोत, वा पेणची शाडूची गणेशमूर्ती न्हावाशेवा बंदरातून परदेशस्थ पुतण्याकडे रवाना होवो, माझ्या हातची शेवटची गाठ पडल्यावाचून त्या वस्तूला उंबरा ओलांडण्याचा परवाना मिळत नाही.

या शास्त्राची सूत्रे थोडी आहेत, पण ती सांगताना मी आवाज थोडा खाली आणतो, म्हणजे ती अधिक वाटतात. खोके हलवून पाहिले असता आतून काहीही ऐकू येता कामा नये. ताटल्या एकीवर एक निजवू नयेत, कडेवर उभ्या कराव्यात. एका खोक्यात दुसरे खोके ठेवून मध्ये चारी बाजूंनी चार बोटे मऊ भर घालावी. मूर्तीचा सगळा भार बैठकीवर यावा. सोंड, कान आणि बोटे यांना भर स्पर्श करील पण दाबणार नाही, अशी तजवीज असावी. भर म्हणून हल्ली बुडबुड्यांचे प्लास्टिक सर्रास वापरतात. मी मात्र भाताच्या पेंढ्याचा कैवारी आहे, आणि या बाबतीत कर्जतच्या भात संशोधन केंद्राविषयी माझी एक खाजगी तक्रार आहे. वारा-पावसात आडवे पडू नयेत म्हणून भाताच्या सुधारित जाती बुटक्या केल्या गेल्या. त्यामुळे शेतकऱ्याचे दाणे वाढले हे मान्य, पण पेंढ्याची लांबी घटून बांधणीशास्त्राचे जे नुकसान झाले त्याची दाद कोणत्या दप्तरात मागावी?

आमच्या घरात या शास्त्राविषयी आदर बेताचाच आहे. "अहो, वस्तू फुटली की शाबूत आहे हे त्या बिचाऱ्यांना तुमच्या गाठी सुटल्यावर कळणार, म्हणजे दिवाळीपर्यंत नाही," असे उद्गार मी स्वतःच्या कानांनी ऐकलेले आहेत.

नाजूक मालाचा विषय निघाला की मला घाट आठवतो, आणि घाट आठवला की मला आवरणे कोणालाच शक्य होत नाही. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ साली खंडाळ्याहून पुण्याकडे धावू लागली. मधला बोरघाट मात्र १८६३ पर्यंत रुळांनी जिंकला नव्हता. तेव्हा मुंबईहून निघालेला उतारू खोपोलीस उतरे आणि पालखीत, तट्टावर किंवा ऐपतीप्रमाणे स्वतःच्या पायांवर घाट चढून खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसे. म्हणजे ती पाच वर्षे आमच्या खालापूर मुलखातून जो सर्वांत जड आणि सर्वांत नाजूक माल वर चढत होता, तो म्हणजे साहेब! बांधणीच्या कसोट्या त्याला लावून पाहाव्यात. तळाशी गादी, पाठीशी लोड, बाजूंना पडदे. आतील वस्तू हलू नये इतकी ती स्वतःच पालखीभर. आणि 'ही बाजू वर' असे लिहिण्याचे कारणच नाही, कारण त्या बाजूला टोपी असे. पुढे सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट चढणारा लोहमार्ग झाला, सदतीस फुटांस एक फूट अशी त्याची कमाल चढण ठरली, आणि गाडीला मागून रेटण्यासाठी कर्जतला बँकर इंजिने जोडण्याचा प्रघात पडला. ते इंजिन मागे येऊन भिडते त्या क्षणी डब्यात जो धक्का बसतो, त्याने हातातला वडा तोंडाऐवजी शेजाऱ्याच्या धोतराला लागल्याची उदाहरणे आमच्या घराण्यात आहेत. म्हणून पुण्याकडे जाणारी प्रत्येक बरणी मी त्या धक्क्याचा हिशेब धरून बांधतो. हा लोहमार्ग बांधताना ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर घाटात राबत होते, आणि पटकीने व अपघातांनी त्यांतले अगणित तेथेच राहिले, ही हकीकत मात्र मी वड्याच्या नंतर सांगतो. तोवर श्रोते बहुधा उठलेले असतात.

तर एकदा माथेरानच्या एका स्नेह्यांचा वडिलोपार्जित बिलोरी आरसा दुरुस्त होऊन कर्जतला आला आणि परत वर पाठवण्यासाठी साहजिकच माझ्याकडे सुपूर्द झाला. काच मिलिमीटरभर जाडीची असली तरी चौरस मीटरला अडीच किलो भरते. ही जाड होती, चौकट सागाची होती, आणि त्यावर माझी विद्या चढली. काचेवर चिकटपट्टीची फुली, कोपऱ्यांना गाद्या, दोन्ही अंगांना पेंढा, बाहेर फळ्यांची पेटी आणि पेटीवर काथ्याची दोरी. शिवाय चारही बाजूंना तीन लिप्यांत 'नाजूक माल'. वजन दुप्पट झाले तेव्हा मला कृतार्थ वाटले.

माथेरानास मोटारींना मज्जाव असल्याने दस्तुरी नाक्याशी आमची गाडी थांबली. घोड्यावर आरसा जात नाही. पायथ्याच्या वाडीतला एक हमाल पुढे आला, त्याने पेटीभोवती फेरी मारली आणि विचारले, "मास्तर, हे कोणी वाचायचं? खोका डोक्यावर असला तर मला दिसत नाय, आन दिसला तर तो डोक्यावर नाय."

या युक्तिवादाला उत्तर नव्हते. त्याने चुंबळ ठेवली, पेटी कडेवर उभी चढवून घेतली आणि लाल मातीच्या त्या वाटेने चालू लागला. फांदी आडवी आली की मान न झुकवता गुडघ्यांतून खाली जाई. पेटी कलत नसे. मी छत्री घेऊन मागून चालत होतो आणि मला धाप लागली होती. माणसाने माणसाला ओढण्याची तेथील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये फर्मावले. डोक्यावरच्या आरशाचा प्रश्न त्या खटल्यात नव्हता. त्या हमालाच्या मानेवर आरशाचे ओझे होते तितकेच माझ्या नावलौकिकाचे होते, आणि आरसा निदान कोणाच्या तरी उपयोगाचा होता.

आरसा निर्वेध पोचला. स्नेह्यांनी माझी तोंडभरून स्तुती केली. आणि हमालीचा प्रश्न निघताच तीच स्तुती त्याच्यासमोर पुराव्यादाखल मांडली. "अरे, बांधणीच अशी होती की दगडावर आपटली असती तरी काच तडकली नसती, तू एवढं जपून आणलंस म्हणून जास्त मागतोस ते कशाबद्दल?" आजन्म ज्या वाक्याची मी वाट पाहिली, ते वाक्य एका गरिबाच्या मजुरीतून कापून मला नजर केले जात होते. तेव्हा मी घसा खाकरून, शुद्ध बुद्धीने व कोणाच्याही दडपणाशिवाय, अशी जबानी दिली की सदरहू बांधणी दुय्यम प्रतीची आहे, पेंढा आखूड आहे, आणि आरसा शाबूत राहिला तो केवळ या गृहस्थाच्या चालीमुळे.

पैसे पुरे मिळाले. फाटकापाशी त्याने मला गाठून दिलासा दिला, "मास्तर, बांधलं होतं ब्येस. नुस्ती दोरी जास्त होती."

माझी जबानी माझ्याआधी घाट उतरून कर्जतला पोचली, आणि तेव्हापासून बरण्या माझ्याकडे येण्यापूर्वी चारचौघांचा विचार घेऊ लागल्या आहेत. त्याबद्दल माझी हरकत नाही. परंतु दोरीविषयीचे त्याचे मत मला आजही सपशेल अमान्य आहे.