पटावरचे जाणकार : एका अचूक शास्त्राचा परिचय

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात, धानाची चुरणी आटोपून पोती मार्गी लागली की शंकरपटाचा हंगाम सुरू होतो, आणि गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुकाही त्याला अपवाद नाही. शंकरपट, बोलीत नुसता ‘पट’, म्हणजे हलक्या छकड्याला जुंपलेल्या बैलजोड्यांची शर्यत असून छकडा हाकणाऱ्यास ‘धुरकरी’ म्हणतात. जोडी, धुरकरी आणि बक्षीस ही पटाची तीन अंगे सर्वमान्य आहेत. तथापि ज्याच्यावाचून पहिली जोडीसुद्धा सुटू शकत नाही असे चौथे अंग, म्हणजे ‘जाणकार’, अभ्यासकांच्या नजरेतून आजवर निसटत आले आहे. कोणती जोडी जिंकणार हे शर्यतीपूर्वी सांगणारा, ती का हरली हे शर्यतीनंतर सांगणारा, आणि या दोन्ही विधानांच्या मधल्या काळात खिशात हात न घालणारा गृहस्थ, अशी जाणकाराची स्थूलमानाने व्याख्या करता येईल.

जाणकाराचे शास्त्र लक्षणांवर उभे आहे. तो प्रथम बैलाचा ओठ वर करून दात पाहतो, कारण दातांवरून वय कळते : दोनदाती बैल पोरसवदा, आठही दात आलेला तो ‘जुळलेला’. त्यानंतर वशिंड, खूर, शेपटीचा गोंडा आणि अंगावरचे भोवरे यांची पाहणी होते. भोवरा म्हणजे केसांचे नैसर्गिक वेटोळे, आणि ते कोठे असावे व कोठे नसावे याविषयी जाणकारांत जितकी मते आहेत तितके भोवरे एका बैलाच्या अंगावर मावणे कठीण आहे. पाहणी संपली की जाणकार ‘हं’ एवढेच म्हणतो. पुढचे ज्ञान खर्रा घोटला जात असतानाच बाहेर येते. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून दोन्ही हातांनी रगडलेले मिश्रण. ते नीट एकजीव व्हायला जो वेळ लागतो तेवढ्यात जोडीच्या आदल्या हंगामाचा इतिहास, मालकाच्या घरचे भांडण आणि धुरकऱ्याच्या काल रात्रीच्या जागरणाची हकिकत सांगून पुरी होते. शेवटी, खर्रा गालात गेल्यावर, मूळ खबर येते : “भाऊ, पांढऱ्या जोडीच्या मागं जाऊ नोको.” या खबरीचे मूल्य एक खर्रा असते व ते ऐकणाऱ्याने आगाऊ भरलेले असते, ही बाब अर्थशास्त्रीय दृष्टीने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

या शास्त्राची अचूकता हा थट्टेचा विषय नव्हे, कारण ती गणिताने सिद्ध करता येते. जेथे दोन जोड्या एकाच वेळी समांतर धावपट्ट्यांवरून सोडल्या जातात, तेथे जाणकाराने बत्तीस जणांपैकी सोळांच्या कानात लाल जोडी आणि सोळांच्या कानात पांढरी जोडी सांगितली, तर पहिल्या फेरीअखेर सोळा माणसे त्याची ऋणी होतात. त्या सोळांवर दुसऱ्या फेरीत हाच प्रयोग केला की आठ, मग चार, मग दोन, आणि पाचव्या फेरीअखेर असा एक भाग्यवान उरतो ज्याला जाणकाराने सलग पाच वेळा खरी खबर दिलेली असते. तो एकटा मनुष्य पुढची दहा वर्षे ‘तो सांगते तेच होते’ अशी ग्वाही देत पंचक्रोशीत फिरतो, आणि उरलेले एकतीस जण आपापल्या मूर्खपणाची वाच्यता करत नाहीत. बहुतेक जाणकार हे सर्व हिशेब मांडून करतात असा आरोप करणे अन्यायाचे होईल. केवळ समोरच्याला बरे वाटावे म्हणून प्रत्येकाला त्याच्या मनातली जोडी सांगण्याच्या सौजन्यातूनही हाच निकाल आपोआप लागतो.

या ठिकाणी कायद्याकडे वळणे प्राप्त आहे. महाराष्ट्रात आणखी एक गोरेगाव आहे. तेथून लोकल गाडीने महालक्ष्मीला उतरले की १८८३ पासूनचे रेसकोर्स लागते, जेथे १९४३ पासून इंडियन डर्बी धावते. तेथे घोड्यावर पैसे लावणारा मनुष्य जुगारी नसून कुशल आहे, कारण १९९६ साली डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. घोड्याचे कूळ, त्याची तयारी, जॉकीचा हात व पूर्वीची कामगिरी यांचा अभ्यास करून माणूस अंदाज बांधतो, अशी ही विचारसरणी आहे. गोंदियाच्या गोरेगावातील जाणकार बैलाचे कूळ, तयारी, धुरकऱ्याचा हात आणि पूर्वीची कामगिरी यांचाच अभ्यास करतो, शिवाय दातही पाहतो. तरीही त्याच्या सल्ल्यावरून तोंडी पैज लावणाऱ्याला १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचा धाक असतो. कौशल्य आणि अपराध यांतील सीमारेषा प्राण्याच्या खुराला चीर आहे की नाही यावर ठरते, असा निष्कर्ष या तुलनेतून निघतो, आणि तो प्राणिशास्त्राच्या अंगाने तरी निर्दोष आहे.

बैलाच्या बाबतीत शासनाची भूमिका याहूनही उदात्त राहिली आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने ज्या प्राण्यांच्या खेळांवर बंदी घातली त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या पंगतीला बैलही बसवला गेला, त्यामुळे गोरेगाव परिसरातील गोठ्यातले जनावर कागदोपत्री थेट नागझिऱ्याच्या वाघाच्या बरोबरीला आले. पोळ्याला पुरणपोळी खाणारा हा वाघ पुढे न्यायालयातही गेला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्य विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून त्या पुन्हा मोकळ्या केल्या, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्यांना अडवले, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या प्रदीर्घ सुट्टीच्या काळात जाणकारवर्ग बेकार झाला असेल ही समजूत मात्र निराधार आहे. बैल नसले तरी न्यायालयाच्या तारखा होत्या, आणि पुढच्या तारखेला काय होणार याविषयीची पक्की खबर पानठेल्यावर नियमित उपलब्ध होती. निकाल कधी ना कधी लागणारच असल्याने ती खबर देणारे सर्वच कधी ना कधी खरे ठरले, असे यश बैलांनी त्यांना क्वचितच मिळवून दिले होते.

परवानगीबरोबर आलेल्या अटींनी शास्त्राची काहीशी हानी केली, हे नमूद करणे भाग आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र, एक हजार मीटरची मर्यादा आणि काठी, चाबूक किंवा पराणीच्या वापरास मज्जाव, असे हे नियम आहेत. पराणी म्हणजे बैलाला टोचण्याची अणकुचीदार काठी. पूर्वी ‘धुरकऱ्याचा हात’ या सदराखाली जे गूढ ज्ञान सांगितले जाई, त्यातील बराच भाग या टोकदार वस्तूचा होता असे आता मागे वळून पाहता दिसते. पशुवैद्यक बैल तपासतात. जाणकार तपासण्याची तरतूद नियमांत नाही.

शहरी रेसकोर्सवर खबर देणाऱ्याची एक अडचण अशी असते की तिथली खबर खरी असली तरी स्वतःलाच खाते. टोट नावाच्या पद्धतीत सर्वांचे पैसे एका डबक्यात जमा होतात, त्यातून क्लबचा वाटा व कर कापला जातो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत विभागली जाते; त्यामुळे जितक्या अधिक लोकांना खरा घोडा कळतो तितके प्रत्येकाच्या हाती कमी पडते, आणि सगळ्यांनाच कळला तर सगळे मिळून हरतात. यावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचा दर ४० टक्के झाल्याने, या कुशल मंडळींत खात्रीने जिंकणारा कोण याविषयी कोणत्याही जाणकाराची गरज उरलेली नाही. गोरेगावाकडची तोंडी पैज या बाबतीत मागासलेली आहे. तीत देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात, क्वचित व्याही असतात, आणि वसुली मिरगापर्यंत लांबणीवर पडते. पटाला लेकी-जावई येतात, उपवर मुले-मुली पाहिली जातात, आणि अशा वेळी शंभर रुपयांसाठी सोयरीक मोडणारा मनुष्य झाडीपट्टीत अजून जन्मायचा आहे. जाणकार सोयरिकींबाबतही सल्ला देतो, पण त्या निकालांची तपासणी वीस वर्षांनी होत असल्याने ते क्षेत्र त्याला अधिक सुरक्षित वाटते.

संध्याकाळी बक्षिसे वाटली जाऊन धूळ बसली की जाणकाराच्या कार्याचा दुसरा व अधिक कष्टाचा भाग सुरू होतो. जिंकलेल्यांना तो आठवण करून देतो. हरलेल्यांना कारण देतो. उजवा बैल लोकांच्या आरोळीने बुजला, धुरकऱ्याने कासरा क्षणभर आधी ओढला, धावपट्टीच्या शेवटी माती भुसभुशीत होती, किंवा, सर्व उपाय थकल्यावर, ‘आतून काही तरी झाले’. या कारणांपैकी एकही जोडी सुटण्यापूर्वी अस्तित्वात नसते आणि एकही नंतर खोटे पाडता येत नाही. मग रात्री मंडपात झाडीपट्टीचे नाटक लागते, जे वडसा येथून आलेल्या एखाद्या कंपनीचे असते व पहाटेपर्यंत चालते. जिंकलेल्या एकाने काढलेल्या तिकिटावर जाणकार पुढच्या रांगेत बसतो आणि पहिल्या अंकातच शेजाऱ्याच्या कानाशी लागून, खलनायक हा नायिकेचा सख्खा मामा असून तिसऱ्या अंकात तुरुंगात जाणार, अशी खबर देतो. ती शब्दशः खरी ठरते, कारण हे नाटक त्याने मागच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या पटाला पाहिलेले असते.