मासे पूर्वीसारखे राहिले नाहीत

एप्रिल महिन्यात शिकागोत संध्याकाळी सहाच्या सुमारास एखादा गृहस्थ पायांत रबरी बूट, अंगात दोन स्वेटर, त्यावर जाकीट, कानटोपी, एका हातात रंगाची रिकामी बादली आणि दुसऱ्या हातात घडीची खुर्ची अशा थाटात लिफ्टमधून उतरताना दिसला, तर त्याला ‘कुठे निघालात?’ असं चुकूनही विचारू नये. तो सांगतो.

हा स्मेल्टवाला. स्मेल्ट म्हणजे वीतभर लांबीचा, अंगानं सडपातळ, चंदेरी आणि कुशीला जांभळट झाक असलेला मासा. एरवी तो मिशिगन सरोवराच्या खोल, गार पाण्यात असतो. वसंतात काठचं पाणी जरा ऊबदार झालं, म्हणजे पाच-सहा अंश सेल्सिअसवर आलं, की रात्रीच्या अंधारात अंडी घालायला तो काठाला येतो. शिकागोच्या उद्यान खात्यानं त्याला धरण्यासाठी एप्रिल महिना नेमून दिला आहे. वेळ रात्री ७ ते १. जाळं १२ फुटांहून लांब नको, ६ फुटांहून उंच नको, परवाना खिशात हवा, बाटली नको. वेळापत्रक अगदी चोख आहे. मासे तेवढे ते पाळत नाहीत.

सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर. एवढ्या पाण्यात १२ फुटांचं जाळं सोडून ‘आता येतीलच’ म्हणत बसायचं, तर अंगी श्रद्धा लागते. ती स्मेल्टवाल्याकडे भरपूर असते. एप्रिलची १५ तारीख ही अमेरिकेत आयकराचा हिशेब भरायची शेवटची तारीख. सगळा देश त्या आठवड्यात पावत्या शोधत असतो, हा जाळ्याची भोकं शिवत असतो. बायकोनं कागद पुढे केले की म्हणतो, “सरकार कुठे पळून जात नाही, मासे जातात.”

माँट्रोज हार्बरच्या सिमेंटच्या धक्क्यावर त्याची जागा ठरलेली असते. ती जागा त्याची आहे असा कागद कुठेच नाही, पण तिथे दुसऱ्या कोणी खुर्ची मांडली तर तो शेजारी येऊन उभा राहतो आणि काही न बोलता पाण्याकडे बघत सुस्कारे टाकतो. सहसा तिसऱ्या सुस्काऱ्याला खुर्ची हलते. मग तो सरंजाम मांडायला घेतो. काठावर एक लोखंडी खांब, खांबाला कप्पी, कप्पीवरून दोर. दोराच्या दुसऱ्या टोकाला नांगर बांधून तो लांब पाण्यात टाकायचा आणि ताणलेल्या दोरावरून जाळं घसरवत आत सोडायचं. नांगर हातानं फेकणारे हल्ली मागासलेले समजले जातात. पुढारलेल्यांकडे आग विझवायच्या जुन्या नळकांड्याची केलेली तोफ असते. ‘फट्’ असा आवाज होतो, नांगर अंधारात जातो, आणि धक्क्यावरचे सगळे एक क्षण गप्प होतात. वीतभर माशावर तोफ डागणारी दुसरी जमात जगात असेल असं वाटत नाही.

मग दर दहा-पंधरा मिनिटांनी जाळं ओढायचं. हा प्रसंग पाहण्यासारखा असतो. दोर कुरकुरत येतो, पाणी निथळतं, “दिवा! दिवा!” असा पुकारा होतो आणि आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे पाच-सहा जण डोक्याला बांधलेले दिवे घेऊन धावतात. प्रकाशाच्या झोतात बारा फूट जाळं, पानं, शेवाळ, एक प्लॅस्टिकची पिशवी आणि अगदी खालच्या कोपऱ्यात एक स्मेल्ट. कल्ल्यांपाशी फासात अडकलेला. स्मेल्टवाला हातमोजा दातानं ओढून काढतो, गारठलेल्या बोटांनी फासाचा एकेक धागा कल्ल्यावरून सोडवतो. या कामाला डॉक्टरी हात लागतो. घाई केली तर मासा तुटतो, वेळ लावला तर बोटं. मासा सुटला की तो आधी नाकाशी धरतो, मग पाहुण्याच्या नाकाशी. ताज्या स्मेल्टला खरोखरच काकडीचा वास येतो. पुढे पाहुणा नवखा असेल तर जुना रिवाज त्याच्या कानावर घातला जातो: पहिल्या स्मेल्टचं डोकं दातानं तोडायचं, जिवंतपणी. नवखा हसतो. बाकीचे हसत नाहीत.

या माशाच्या जिभेवरसुद्धा दात असतात. धरणाऱ्याच्या जिभेला मात्र हाड नसतं.

धक्क्यावर काही गोष्टींचे संकेत कडक आहेत. ‘किती मिळाले?’ हा प्रश्न असभ्य. पगार विचारल्यासारखा. विचारायचं ते ‘काही हालचाल?’ असं. त्याला उत्तर येतं, “आत्ताच थांबली. तुम्ही अर्धा तास आधी यायला हवं होतं.” तुम्ही कितीही वाजता जा, तो अर्धा तास नुकताच होऊन गेलेला असतो. उत्तरापेक्षा बादली अधिक खरं बोलते. झाकण उघडं असेल तर मासे आहेत. झाकण घट्ट असेल आणि वर तो स्वतः बसला असेल तर विषय हवामानाकडे वळवावा.

हवामानावर तो तासभर सहज बोलतो, कारण मासे न मिळण्याची सगळी कारणं तिथेच सुरू होतात. वारा पूर्वेचा होता. काल चांदणं फार होतं. हिवाळा लांबला. हिवाळा लवकर संपला. पलीकडच्या मोटारवाल्यानं दिवे पाण्यावर मारले. मासे नाहीत, हे वाक्य मात्र त्याच्या तोंडून कधीही येणार नाही. मासे आहेत. ते खाली थांबलेत. पाण्याच्या एका अंशासाठी अडलेत. त्याच्या पाकिटात कुटुंबाचा फोटो असेल-नसेल, खिशात दोरी बांधलेला थर्मामीटर असतोच.

आणि मग तो सुवर्णकाळ सुरू होतो. सत्तरचं दशक. त्या काळी म्हणे जाळं ओढायला दोघं लागत. मासे बादल्यांनी मोजत, बादल्या संपल्या की कचऱ्याचे डबे धुऊन आणत, तेही भरले की मोटारीची डिकी. घरी न्हाणीघरातल्या टबात मासे आणि माणसं आठवडाभर बिनआंघोळीची. यात फारशी अतिशयोक्ती नाही, खरोखरच तेव्हा स्मेल्टची लयलूट होती आणि रात्रभर सरोवराच्या काठानं शेकोट्या पेटत. गंमत अशी, की हे सांगणारा गृहस्थ बऱ्याचदा चाळिशीचा असतो. आठवण त्याच्या वडलांची असते. ते गेले, जाळं आणि आठवण याच्या वाट्याला आली. स्वतः न पाहिलेली गोष्ट त्याला सगळ्यांत स्पष्ट आठवते. आज मोजमाप बादलीवरून नगावर आलं आहे.

“का कमी झाले?” असं विचारलंत तर त्याचा आवाज उतरतो. तो इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, “बाहेरचे आले ना.”

बाहेरचे म्हणजे झेब्रा शिंपले. काळ्या समुद्राकडून आलेल्या जहाजांनी तोल सांभाळायला पोटात भरलेलं पाणी इथे ओतलं, त्यातून हे आले. १९८८मध्ये सरोवरांच्या या साखळीत पहिल्यांदा सापडले. मागोमाग त्यांचे भाईबंद क्वागा शिंपले. दोघांनी मिळून पाणी गाळून गाळून असं नितळ केलं, की माशांच्या पिल्लांना खायला काही उरेना. शहरातले लोक म्हणतात, किती स्वच्छ पाणी! स्मेल्टवाला म्हणतो, पाणी स्वच्छ म्हणजे ताट रिकामं. बाहेरचे म्हणजे सामनही. पॅसिफिकच्या बाजूचा कोहो सामन १९६६मध्ये मिशिगन राज्यानं मुद्दाम आणून सोडला. सामन येता-जाता स्मेल्ट खातो. “आपलं सरोवर, आपला मासा, आणि खातंय कोण?” असं तो विचारतो, तेव्हा आजूबाजूच्या खुर्च्या माना डोलावतात.

इथे एक अडचण आहे. स्मेल्ट इथला नाहीच. तो मूळचा अटलांटिक किनाऱ्याकडचा. १९१२मध्ये त्याची अंडी मेन राज्यातून आणून मिशिगन राज्यातल्या क्रिस्टल लेक या तळ्यात सोडली. तीही त्याच्या कौतुकासाठी नव्हे. तिथे सोडलेल्या सामनांना चारा म्हणून. सामन काही तग धरून राहिले नाहीत, चारा मात्र राहिला. तळ्यातून ओढ्यानं सटकला, १९२३मध्ये मिशिगन सरोवरात सापडला आणि पुढे बघता बघता शेजारच्या सरोवरांतही पोहोचला. १९४२-४३च्या हिवाळ्यात मिशिगन आणि ह्यूरन सरोवरांतले स्मेल्ट एकाएकी अतोनात मेले. काही वर्षांत पुन्हा तितकेच झाले. थोडक्यात, पानात वाढायला आणलेला पाहुणा घराचा मालक होऊन बसला.

हे स्मेल्टवाल्याला सांगून पाहा. तो रागावत नाही. म्हणतो, “१९१२? म्हणजे माझ्या आजोबांच्याही आधी आलाय. मग इथलाच की.” त्याचे आजोबा पोलंडहून आलेले. शेजारच्या खुर्चीवरचे मेक्सिकोहून, त्या पलीकडचे फिलिपिन्सहून, शेकोटीसाठी परवानगी नाही म्हणून गॅसच्या शेगडीवर कढई ठेवून बसलेलं जोडपं व्हिएतनामचं. धक्क्यावर चार-पाच भाषा, त्या सगळ्यांत एकच वाक्य: पूर्वीसारखं राहिलं नाही. इथला होण्यासाठी सरकार कागदपत्रं, मुलाखत आणि शपथ मागतं. धक्का फक्त हे एवढं वाक्य मागतो. ज्या दिवशी ते मनापासून म्हणता येईल, त्या दिवशी तुम्ही इथले.

उत्तरेला सुपीरियर सरोवराकाठी डुलूथ शहरात याचे चुलतभाऊ आहेत. ते धक्क्यावर बसत नाहीत, छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून बर्फगार पाण्यात उतरतात आणि दोघं मिळून लांब जाळं ओढतात. मासे कमी झाले तेव्हा तिथल्या लोकांनी रडत न बसता माशांच्या भल्यामोठ्या बाहुल्या केल्या. दर वसंतात बँड लावून मिरवणूक काढतात आणि शेवटी तळलेले स्मेल्ट खातात. शिकागोचा स्मेल्टवाला हे ऐकून नाक मुरडतो. मिरवणुकीत तक्रारीला वाव कुठे?

त्याचा खरा दावा पक्षीवाल्यांशी असतो. माँट्रोजची झाडी पक्षीनिरीक्षकांची पंढरी. पहाटे दुर्बिणी घेऊन ते हजर होतात. २०१९मध्ये पायपिंग प्लोव्हर या मूठभर पक्ष्याच्या जोडप्यानं इथल्या वाळूत घरटं केलं, तर किनाऱ्यावरचा आखलेला संगीत महोत्सव रद्द झाला. “पक्षी दोन,” स्मेल्टवाला बोटं दाखवतो, “त्यांना माँटी आणि रोझ अशी नावं ठेवली. आमच्या माशांना नुसतीच नावं ठेवतात.”

या धक्क्यावर अलीकडे एक मराठी खुर्चीही आली आहे. मूळ गाव अलिबागकडे, नोकरी संगणकाची, घर शिकागोबाहेरच्या उपनगरात. एका पोलिश सहकाऱ्याबरोबर गंमत म्हणून आला आणि बादली विकत घेऊन परतला. आईला धक्क्यावरून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे आठ. आईनं मासा नीट दाखवायला लावला, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, “हे काय रे, मांदेलीच की ही थोराड! यासाठी रात्रीचा गारठ्यात बसलायस? बाजारात मिळत नाही का?” बाजारात मिळतात, हे त्यानं सांगितलं नाही. कात्रीनं डोकं उडवायचं, अंगठ्यानं पोट साफ करायचं, काटा काढायचा नाही, एवढं शिकून त्यानं त्यांना आगळ, हळद, तिखट लावलं आणि तांदळाच्या पिठात घोळवून तळलं. बायको सदाशिव पेठेतली, शुद्ध शाकाहारी. दार उघडल्या उघडल्या तिनं नाकाला पदर लावायच्या बेतानं ओढणी लावली. “अगं, काकडीचा वास येतो याला,” तो म्हणाला. “मग काकडीच आण ना,” ती म्हणाली, “ती तोफेशिवाय मिळते.”

खरं सांगायचं तर सुवर्णकाळ परत आला, तर सगळ्यांत मोठी पंचाईत स्मेल्टवाल्याचीच होईल. चार बादल्या मासे रात्री दोन वाजता घरी नेऊन साफ कोणी करायचे? पूर्वी ते घरातल्या बायका करत, आणि त्यांच्या आठवणींत हा काळ सोन्याचा नाही, हे कोणी त्यांना विचारलं तर कळेल. आजचे सात-आठ मासे तळायला दहा मिनिटं पुरतात. उरलेली रात्र बोलायला मोकळी. मोसमच मुळी तीस दिवसांचा, तक्रार बारमाही.

मोसम ३० एप्रिलला संपतो आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन. त्या निमित्तानं जमलेल्या मराठी मंडळींत आपला अलिबागकर पुरणपोळीच्या रांगेत उभा होता. मागे नुकताच पुण्याहून आलेला एक तरुण. कुठून तरी विषय निघाला आणि त्यानं उत्साहानं विचारलं, “मीही येऊ का पुढच्या वर्षी?”

“या की,” अलिबागकर म्हणाला, “पण आता काही राहिलं नाही हो. पूर्वी मासे असायचे.”

“पूर्वी म्हणजे?”

“गेल्या वर्षी.”

“अरे वा! किती मिळाले होते?”

अलिबागकरानं सुस्कारा टाकला आणि रांगेत पुढे सरकला. “तुम्ही नवीन दिसता.”